किल्ला आपला, मग जहाजं कोणाची?

आमच्या केळझरला गणपतीच्या दर्शनाला टेकडी चढलं की जुन्या किल्ल्याचे अवशेष दिसतात. पडके का असेना, डोळ्यासमोर आहेत, म्हणून निदान विषय तरी निघतो. पण पाण्याखाली गेलं त्याचं काय?

२०२५ मध्ये विजयदुर्गासह १२ मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्याच विजयदुर्गाच्या बंदरात फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी पेटलं. आणि इंग्रजांना मदतीला घेतलं होतं आपल्याच पेशव्यांनी! म्हणूनच की काय, त्या जहाजांबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

उरलंसुरलं वर काढा, असं मी म्हणत नाही. गाळात गाडलेलं लाकूड हवा न लागल्यामुळे टिकतं. बाहेर काढून तसंच वाळू दिलं तर तडकतं. युनेस्कोचा २००१ चा करारही आधी जागेवरच जपायचा विचार करा, असंच सांगतो. मग निदान तळाचा नीट शोध घ्या, नकाशा करा, आणि सापडेल तिथे गाळ उपसायला बंदी घाला.

जिंकलेलं तेवढं आपलं, असं कसं चालेल?