सेवेकऱ्यामागील घर

बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवचें श्रीगजानन महाराज संस्थान महाराजांच्या हयातींतच, १९०८ सालीं, स्थापन झालें. १९१० सालीं महाराज समाधिस्थ झाले. तेथील स्वच्छतेची व शिस्तीची वाखाणणी सर्वत्र ऐकूं येते. तिचें मर्म सेवेकऱ्यांत आहे. खेड्यापाड्यांतून ते आळीपाळीनें येतात, दर्शनाच्या रांगा लावतात, झाडलोट करतात, महाप्रसादाच्या पंक्ती वाढतात, आणि कांहीं वेतन न घेतां घरीं परततात.

द्रव्यदान त्या मानानें सोपें. पैसा दिला कीं आपण मोकळे झालों. दिवस देणारास मात्र मानपान विसरून दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणें वागावें लागतें.

परंतु आम्हांस सुचवावयाचें आहे तें निराळेंच. सेवेकरी शेगांवीं गेला म्हणून त्याच्या गोठ्यांतील गुरें उपाशीं राहत नाहींत. त्यांना वैरण कोणी तरी घालतें, वृद्ध आईचें औषधपाणी कोणी तरी पाहतें. सेवा एकाच्या नांवावर, भार मात्र साऱ्या घरावर! आपल्या सुशिक्षित एकत्र कुटुंबांत तरी निराळें काय घडतें? समाजकार्यास जाणाऱ्याच्या गळ्यांत हार पडतो. मागें राहून त्याचें काम उचलणाऱ्या भावजयीचें नांव कोणी घेत नाहीं.

म्हणून सेवेस निघतांना आपलें काम कोणावर पडणार हें प्रत्येकानें आधीं विचारावें. आणि पुढल्या खेपेस तिचें काम स्वतः अंगावर घेऊन तिला सेवेस पाठवावें. घरांतील हें ऋण फेडल्यावांचून बाहेरची सेवा पुरी झाली असें आम्ही मानीत नाहीं.