हाडाच्या तोंडाचा राजा

खलनायकाचं काम करणाऱ्याचं सगळं कसब एकाच जागी लागतं. चाबूक उगारताना लागत नाही, मिशीला पीळ देताना लागत नाही, दार लाथाडून एंट्री घेताना तर मुळीच नाही. समोरचा पडतो आणि त्याच्या बायकोचं रडणं सुरू व्हायच्या आधी दोन-तीन श्वास मिळतात. तेवढ्यात तोंडाचं काय करायचं? हसलं की प्रेक्षक सुटतो; त्याला हवा तो राक्षस मिळाला, तो निवांत होतो. गंभीर झालं तर पश्चात्ताप झाल्यासारखं दिसतं. काहीच केलं नाही तर मागून कुणीतरी हमखास म्हणतं, ‘इसरला रे इसरला!’ सावकार झाला, ठाकूर झाला, पाटील, फौजदार, सारे करून झाले. या जागेचा निकाल लागलेला नाही.

आता माझे वरचे दात गेले. कवळी बसल्यापासून हसू टाळूवर आपटतं आणि फिस्सकन बाहेर येतं. म्हणून आमच्या नाट्यमंडळानं यंदाचा सावकार शेजारच्या पोराला दिला आणि त्याला तयार करायचं काम माझ्याकडे. पोरगा मुकुटबनला दुकानात कामाला आहे, आवाज भरदार, उंची चांगली. तालमीच्या मधल्या वेळात त्यानं मोबाईलवर एक जपानी चित्रकथा काढली. ‘ओव्हरलॉर्ड’. म्हणाला, “काकाजी, याच्यात हिरोच खलनायक हाये. असं नाटक आपल्यात काहून नाही?”

इंग्रजी त्यानं वाचायचं, अर्थ सांगायचा, मी चित्रं बघायची, तीही उजवीकडून डावीकडे. कुगाने मारुयामा नावाच्या लेखकाची ही गोष्ट २०१० साली सुरू झाली, २०१२ला पुस्तकरूपात आली आणि २०१४पासून हुगिन मियामा तिची मांगा काढतो. सुझुकी सातोरू नावाचा एक साधा नोकरदार. त्याचा आवडता खेळ बंद पडणार त्या रात्री तो शेवटपर्यंत खेळात बसून राहतो आणि मध्यरात्र उलटल्यावर खेळातल्याच शरीरात अडकतो. शरीर म्हणजे हाडांचा सापळा. अंगावर राजाचा झगा, डोळ्यांच्या खोबणीत लाल ठिणगी. खाली नाझारिक नावाचं थडगं आणि त्यात जीव ओवाळून टाकणारे राक्षस सेवक. मग हा ऐन्झ ऊल गोन नाव घेऊन जग जिंकायला निघतो.

पोराला वाटलं मला पटणार नाही. पण भूमिका म्हणून मला ती फार आवडली. आतून भेदरलेला कारकून, बाहेरून महाकाल. सेवकांसमोर कमी पडू नये म्हणून तो आरशासमोर उभं राहून राजासारखं बोलायचा सराव करतो. मीही दिवसा बोंडअळीला भ्यायचो आणि रात्री गाव जाळायचो! माणसानं खलनायकाचं सोंग घ्यावं, सोंग पाहणाऱ्यांनी ते खरं मानावं आणि मग सोंगालाच माणसं मारावी लागावी, यापेक्षा मोठा ऐवज नटाला कोण देणार? आणि ही गोष्ट त्याचं करते काय, तर विनोद. त्याला काही कळलेलं नसतं, सेवक म्हणतात, धन्याची चाल किती खोल. एकदा हसलो, दोनदा हसलो. नंतर प्रत्येक वेळी तेच.

दुसरी खोट जास्त लागली. हा मेलेला जीव असल्यामुळे त्याच्या मनात कुठलीही भावना ठरावीक पातळीच्या वर गेली की आपोआप दाबली जाते. राग, भीती, आनंद, काहीही. चक्कीचा पट्टा काढल्यासारखी गप्प. लेखकानं किती सोयीचं करून घेतलं! जिथून आमचं काम सुरू होतं, नेमकं तिथंच याला सुट्टी. त्यात तोंड हाडाचं. चित्रकारानं बिचाऱ्यानं खूप केलंय: झग्याच्या घड्या, जबड्याची उघडझाप, खोबणीतली ठिणगी लहानमोठी. पण कवटीला ना गाल ना ओठ ना भुवई. माणसं मारल्यावर तिचं काय होतं हे तिच्यावर दिसूच शकत नाही, मग वाचकालाही बघावं लागत नाही.

तरी या गोष्टीत एक जागा आहे. पैशासाठी थडग्यात शिरलेली चार जणांची टोळी. त्यांना आत यायला ऐन्झनंच आमिष लावलेलं. त्यात आर्शे नावाची तरुण पोर आहे, आईबापांनी केलेल्या कर्जात बुडालेली, घरी दोन लहान जुळ्या बहिणी. तिच्या मरणाशी आमचा पोरगाही थबकला. पान सरकवायला त्याचं बोट उठेना. त्याच कादंबरीमालेत पुढे काट्झेच्या मैदानात एका मंत्रासरशी ७०,००० सैनिक पडतात आणि तिथं बोट भराभर सरकतं. म्हणजे लेखकाला जमत नव्हतं असं नाही. मेलेल्याला घर दिलं की खलनायक जड होतो हे त्याला ठाऊक होतं, पण जड खलनायक घेऊन पुढचे खंड कसे रेटणार?

आपल्याकडे असं नाटक नाही म्हणणाऱ्याला मी लखोबा लोखंडे सांगितला. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’, १९६२. प्रभाकर पणशीकर एकट्यानं पाच रूपं करायचे, फिरता रंगमंच गरकन वळायचा, आणि लोक त्या भामट्यावर बेहद्द खूश असायचे. पण अत्र्यांनी सगळं कोर्टात घातलं. फसवलेली बाई साक्षीला येते, बोलते, आणि तिच्या बोलण्याच्या वेळी लखोबाला तिथंच उभं राहावं लागतं. तोंड घेऊन. ‘सामना’ सिनेमा पाहा, १९७५ला बर्लिनच्या महोत्सवात गेला होता तो. निळूभाऊ फुल्यांचा हिंदूराव कुठं खदखदून हसत नाही, उलट लाघवी आहे. डॉ. लागूंचा मास्तर गायब झालेल्या मारुती कांबळेचं नाव काढत राहतो आणि निळूभाऊंच्या गालाखाली काहीतरी हलतं. ते काय हलतं, हे मी कित्येकदा थांबवून थांबवून पाहिलं. आरशासमोर केलं. माझ्या तोंडावर ते दातदुखीसारखं दिसायचं.

आता स्टेजवर कुणाला तोंडाची गरज उरलेली नाही, ते सोडा. आमचा तालुका झाडीपट्टीच्या कडेला. खरी झाडीपट्टी चंद्रपूर-गडचिरोलीकडची, वडशाच्या नाटक कंपन्यांची. तिथले मुरलेले नट मी पाहिलेत; परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा इथंही पेढे वाटले. पण हल्ली नवा खलनायक आला की आधी धूर सोडतात, मग लाल लाईट, मग हसण्याला एको लावतात. एको संपेपर्यंत ते दोन-तीन श्वास निघूनही जातात. कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, दंडारीत असलं काही नसतं, अंगणातला उजेड आणि माणूस. तिथला सोंगाड्या मला नेहमी माझ्यापेक्षा सरस वाटलाय, हे मी मंडळात कधी बोललो नाही.

आणखी एक बोललो नाही. सावकार केल्यावर बाजारात बाया मला पाहून पदर सावरून बाजूला व्हायच्या. त्याचं मला वाईट वाटतं असं मी चारचौघांत सांगायचो. वाईट कसलं, त्यासाठी मी गरज नसताना पाटणच्या बाजाराला जायचो.

पोराच्या डोक्यातून ती कवटी काही जात नाही. सावकाराच्या तोंडावर मुखवटा घालू म्हणतो. आत आवाज घुमतो, हसू मोठं होतं. मी म्हटलं, पहिल्या अंकात घाल, तिसऱ्यात काढ. तो म्हणतो, काढल्यावर तर फसलो नं, काकाजी. वणीहून थर्माकोल आणलंय. मी फार अडवलं नाही. त्यानं पूर्ण नाटकभर मुखवटा घातला तर लोक म्हणतील, पोराचं हसू जबर होतं, पण म्हाताऱ्यासारखं तोंड नाही. म्हणून कवटी कापायलाही मीच बसलो, आणि जबडा मुद्दाम जरा मोठा ठेवला.