आकडे तर दिसायलेत की!

ही गोष्ट २०२३ च्या दसऱ्याची. बरेच वीकांत लिहीन लिहीन म्हणत राहून गेली, आज लिहूनच टाकतो. मधला भाग तांत्रिक आहे. ज्यांना डेटाबेसशी काही देणंघेणं नाही त्यांनी तो गाळला तरी चालेल, शेवट मात्र वाचा.

माझं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. आमच्याकडे दसरा आला की गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्याचा निरोप आला की ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी टाकून माणसं ऊस तोडायला निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी पार कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. ती परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. पोरं बरोबर गेली की अख्खं शाळेचं वर्ष गेलं. म्हणून बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं चालतात, आईबाप फडावर आणि पोरं गावातच, शाळेच्या आधाराने.

आमच्या भागात एक छोटी संस्था या पोरांची यादी ठेवते. कार्यकर्ते वस्तीवर जाऊन मोबाईलवर नोंदी भरतात, त्या एका मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये जमा होतात. त्यावर दोन वर्षांपूर्वी मीच एक रिपोर्ट बनवून दिला होता. कुठल्या वस्तीतून किती पोरं, कोण जाणार, कोण राहणार, सगळं एका पानावर. हौसेने केलं होतं, आणि करून विसरलो होतो.

घरी पोचलो तर माझा वर्गमित्र दारात. आता तो जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, म्हणून आम्ही सगळे त्याला गुरुजीच म्हणतो.

"आलास का? अरे, ते तुझा रिपोर्ट गोल गोल फिरायलाय नुस्ता."

"एरर काय येतोय, गुरुजी?"

"एरर बिरर काय नाय. फिरतंय, फिरतंय, मग मी बंद करतो. आकडे तर दिसायलेत की."

या शेवटच्या वाक्याला मी तिथेच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. चहा घेतला आणि लॅपटॉप उघडला.

आता तांत्रिक भाग. कनेक्शनचे नेहमीचे आजार तीन. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे तुम्ही घरापर्यंत पोचलात, पण त्या दारामागे कोणी राहतच नाही. सर्व्हिस बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. 'टाईमआऊट' म्हणजे हाक मारली आणि उत्तरच नाही, बहुतेक वेळा मध्ये फायरवॉल असते. 'ॲक्सेस डिनाइड' म्हणजे आतल्याने ऐकलं, पण ओळख दिली नाही. या तिघांचा मी कधीच राग करत नाही, कारण तिघंही काहीतरी सांगतात.

इथे यातलं काहीच नव्हतं. पिंग जात होतं. पण पिंग गेलं म्हणजे मशीन जिवंत आहे एवढंच कळतं. ३३०६ पोर्टला टेलनेट केलं, लागलं. लॅपटॉप नवीन होता म्हणून ओडीबीसी ड्रायव्हरवर संशय घेतला. (विंडोजमध्ये ६४ बिटची मंडळी सिस्टम३२ मध्ये राहतात आणि ३२ बिटची सिसवाव६४ मध्ये. ज्याने हे ठरवलं त्याला साष्टांग नमस्कार.) ड्रायव्हरही बरोबर निघाला. छोटी क्वेरी झटक्यात येत होती, मोठी क्वेरी मात्र कधीच येत नव्हती.

तेवढ्यात एका वस्तीवरून कार्यकर्तीचा फोन आला, "गुरुजी, नोंद सेव्ह होईना. टू मेनी कनेक्शन्स म्हणतंय."

मायएसक्यूएलमध्ये एका वेळी १५१ कनेक्शन्स चालतात, हे डिफॉल्ट. वर एक ॲडमिनसाठी राखीव. त्या राखीव वाटेने आत शिरलो आणि प्रोसेसलिस्ट काढली. सगळी यादी गुरुजींच्या नावाने भरलेली! आमचा रिपोर्ट प्रत्येक टेबलासाठी एक कनेक्शन उघडतो, टेबलं १२. गुरुजींनी सकाळपासून डझनभर वेळा रिफ्रेश दाबलं होतं. करा हिशोब.

पण त्यांनी बंद केलेली कनेक्शन्स सर्व्हरवर जिवंत कशी? गोम मोबाईल हॉटस्पॉटमध्ये होती. मोबाईल नेटवर्कमध्ये एकच पत्ता खूप ग्राहकांत वाटलेला असतो, आणि कोणाचं उत्तर कोणाला द्यायचं याची एक नोंदवही मध्ये ठेवलेली असते. काही मिनिटं दोन्हीकडून शब्द गेला नाही की ती नोंद खोडली जाते. २००८ सालचा आरएफसी ५३८२ सांगतो की किमान २ तास ४ मिनिटं नोंद ठेवा, पण प्रत्यक्षात मोबाईलवर तेवढा धीर क्वचितच असतो. आणि टीसीपीचा कीपअलाइव्ह, म्हणजे 'आहेस का रे?' असं मधूनमधून विचारणं, लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे डिफॉल्टने ७२०० सेकंदांनी सुरू होतं. दोन तास!

दोन वर्षांत नोंदी वाढल्या होत्या. माझी क्वेरी पूर्वी वीसेक सेकंदांत यायची, आता तिला पाच मिनिटं लागत होती, कारण जोडणीच्या कॉलमवर मी इंडेक्सच टाकला नव्हता. पाच मिनिटं सर्व्हर गप्प बसून काम करणार, तोवर मधली नोंद खोडली जाणार. मग उत्तर गुरुजींपर्यंत पोचत नाही, आणि गुरुजींनी बंद केलं तरी ते सर्व्हरला कळत नाही. सर्व्हर बिचारा निष्क्रिय कनेक्शनची २८८०० सेकंद वाट बघतो, म्हणजे आठ तास.

दुरुस्ती तासाभराची. इंडेक्स टाकला, पाच मिनिटांचं काम तीन सेकंदांवर आलं. कीपअलाइव्ह ६० सेकंदांवर आणला. वेट टाईमआऊट दहा मिनिटं केला. रिपोर्टसाठी वेगळा, फक्त वाचणारा युजर केला आणि त्याला २० कनेक्शन्सची मर्यादा घातली, म्हणजे रिपोर्ट अडकला तरी नोंदी थांबणार नाहीत. रिफ्रेश पूर्ण झालं आणि मी कॉलर ताठ केली.

गुरुजी मात्र पडद्याकडे बघत राहिले. "हे आकडे बदलले की रे."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिफ्रेश अर्धवट राहिलं की ते सॉफ्टवेअर पान कोरं ठेवत नाही, मागचेच आकडे दाखवतं. शेवटचं पूर्ण रिफ्रेश ११ दिवसांपूर्वीचं होतं. आणि वसतिगृहाची यादी गुरुजींनी चार दिवसांपूर्वी याच पानावरून छापली होती.

मधल्या दिवसांत नोंदवलेली तीन पोरं त्या यादीत नव्हती. गुरुजींनी फोन लावायला सुरुवात केली. दोघा भावांचे आईबाप अजून निघाले नव्हते, त्यांचं जमलं. तिसरी सातवीतली मुलगी. तिची गाडी आदल्या रात्रीच गेली होती. बापाला फोन लागला तेव्हा ते कर्नाटकात पोचलेले. तो म्हणाला, "यादीत नाव नाय म्हणले, मग कुणाजवळ ठेवायची पोरीला?" यावर गुरुजी काही बोलले नाहीत. मीही नाही.

ती २०२४ च्या एप्रिलमध्ये परत आली. सहा महिने खोपीवर धाकट्या भावाला सांभाळत होती.

नेटवर्कला, मोबाईलला, गुरुजींच्या रिफ्रेश दाबण्याला दोष देता येतो. पण पान मी बनवलं होतं, आणि ते आकडे कधीचे आहेत हे त्यावर लिहायचं मला सुचलं नव्हतं. कनेक्शन तुटणारच. आमच्याकडे लाईट जाते, रेंज जाते. पण तुटलं तर ते दिसलं पाहिजे. एरर आला असता तर गुरुजींनी मला त्याच दिवशी फोन केला असता. आकडे दिसत होते म्हणून केला नाही.

आता त्या पानावर सगळ्यात वर, आकड्यांपेक्षा मोठ्या अक्षरात, शेवटच्या रिफ्रेशची तारीख आणि वेळ असते. एक दिवस उलटला की ती लाल होते आणि खालचे आकडे गायब होतात. दिसायला फार वाईट दिसतं. गुरुजी म्हणतात, राहू दे तसंच.

तुमच्याही रिपोर्टवर तारीख आहे ना, ते सोमवारी ऑफिसात गेल्यावर एकदा बघा. असो. चूभूद्याघ्या.