धानाच्या बांधीतलं भय

१९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मुक्कामाला गेलेल्या एका मुलाला त्याच्या मित्राने भयकथालेखक नारायण धारपांची एक कथा सांगितली. मुलाचं नाव राही अनिल बर्वे. ऐकताना तो विलक्षण घाबरला. ती भीती त्याच्या मनातून गेली नाही आणि पंचवीस वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी, ‘तुंबाड’ होऊन पडद्यावर आली. नागझिरा आज गोंदिया जिल्ह्यात आहे. पण गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला. बर्वे यांनी कथा ऐकली तेव्हा ते जंगल भंडारा जिल्ह्यातच होतं. अलीकडच्या काळात सर्वाधिक गाजलेल्या भारतीय भयपटांपैकी एकाचं बीज भंडाऱ्याच्या मातीत पडलं, ही गोष्ट साकोली-तुमसरच्या कॉलेजांत मोबाइलवर शॉर्टफिल्म करू पाहणाऱ्या मुलांना कुणीतरी आवर्जून सांगायला हवी.

त्या गोष्टीचा पुढचा भाग जास्त उपयोगाचा आहे. काही वर्षांनी बर्वे यांनी धारपांची मूळ कथा वाचली, तेव्हा ती त्यांना तेवढी भिववू शकली नाही. मग त्या दिवशी घाबरवलं कशाने? भोवतीच्या रानाने, आणि कुठे थांबायचं हे बरोबर कळलेल्या त्या मित्राच्या सांगण्याने. भयपट आखताना घ्यायचे जवळजवळ सगळे निर्णय या एका प्रसंगात आहेत. कथानक महत्त्वाचं आहेच, पण ते कुठे उभं राहून सांगायचं आणि किती सांगायचं, यावर फिल्म तरते किंवा बुडते.

‘तुंबाड’चा पहिला खर्डा बर्वे यांनी १९९७ मध्ये लिहिला, वयाच्या अठराव्या वर्षी. पुढे २००९-१० च्या सुमारास त्यांनी सातशे पानांचा स्टोरीबोर्ड तयार केला. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं, जमलं नाही म्हणून पुन्हा लिहिलं गेलं, पुन्हा चित्रित झालं आणि २०१५ मध्ये संपलं. खऱ्या पावसासाठी पथक एकामागून एक पावसाळे थांबलं. विद्यार्थ्यांकडे ना तेवढी वर्षं असतात ना तेवढा पैसा, पण कागद असतो. दहा मिनिटांच्या फिल्मसाठी प्रत्येक चौकट आधी काढून ठेवणं कुणालाही परवडतं. चित्र काढता येत नसेल तर त्या जागी मित्राला उभं करून फोटो घ्यावा आणि फोटो ओळीने वहीत चिकटवावेत. नवख्या पथकाची अर्धी रात्र ‘आता कॅमेरा कुठे लावू’ यातच जाते. तेवढ्यात बॅटरी संपते, अभिनेता कंटाळतो आणि मग वाट्टेल ते चित्रित होतं.

मुलांच्या पहिल्या खर्ड्यात हमखास एक पडका वाडा असतो, पांढरी साडी असते, पैंजणांचा आवाज असतो. यात मुलांचा दोष नाही. त्यांनी तेच पाहिलेलं असतं. पण ‘तुंबाड’चा वाडा कोकणच्या पावसात आणि सावकारीच्या हव्यासात रुजलेला होता, म्हणून तो खरा वाटला. तोच उचलून लाखनीत आणला तर तो नेपथ्य होऊन बसतो. भंडाऱ्याच्या मुलांनी पहिला निर्णय इथेच घ्यावा: आपल्या भोवतालात भीती नेमकी कुठे राहते?

उत्तरासाठी २०१७ चा मराठी चित्रपट ‘लपाछपी’ पाहावा. दिग्दर्शक विशाल फुरिया, मुख्य भूमिकेत पूजा सावंत आणि उषा नाईक. घर उसाच्या फडात आहे, आणि बराचसा थरार लख्ख उन्हात घडतो. ऊस माणसाच्या डोक्यावर जातो. आत शिरलेला दिसत नाही, पाती वाजतात तेवढीच. पिकानेच कॅमेऱ्याची भाषा ठरवली. पुढे या चित्रपटाचा ‘छोरी’ नावाने हिंदी अवतार आला, तेव्हाही शेताला हात लावावा लागला नाही.

भंडाऱ्यात पीक धानाचं. धान कमरेच्या वर जात नाही. बांधीत कुणी लपू शकत नाही. उलट दूरवरचा माणूस सहज दिसतो, आणि आपणही त्याला दिसतो. म्हणजे इथलं भय आडोशाचं नसून मोकळवनाचं आहे. पाच-सहा बांध्या सोडून पलीकडच्या धुऱ्यावर कुणीतरी उभं आहे, हलत नाही, हाक मारली तर उत्तर देत नाही. एवढ्यावर एक अख्खा प्रसंग उभा राहतो. जॅक क्लेटन यांनी १९६१ च्या ‘द इनोसंट्स’मध्ये हेच केलं होतं. तलावाच्या पलीकडे, भर दिवसा, लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई नुसती उभी असते. ती धावून येत नाही, किंचाळत नाही. तरी साठाहून अधिक वर्षांनी तो प्रसंग अंगावर येतो. आणि तलावांची उणीव या जिल्ह्याला कधीच नव्हती. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि शेताशेतांतल्या बोड्या हे लोकेशन गावाच्या सीमेवरच आहे, भाडं न मागता.

सारसाचाही विचार व्हावा. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातच उरला आहे. उंची जवळपास दीड मीटर, कधी त्याहून जास्त. धुक्यात बांधीत उभा असलेला सारस क्षणभर माणूसच भासतो. जोडीने दिलेली त्याची आरोळी दूरवर जाते. अशी प्रतिमा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याच्या विद्यार्थ्याला सहजी मिळणार नाही. मात्र सारस थोडे आहेत आणि घरटं धानातच करतात. लांबून मिळेल तेवढंच घ्यावं, घरट्याजवळ फिरकू नये. अभयारण्याचंही तसंच. नागझिरा, कोका किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात चित्रीकरणाला वनखात्याची परवानगी लागते. चोरून रात्री शिरण्याचं धाडस जिवावर बेतू शकतं. जंगलाच्या कडेचं शेत पुरे आहे.

आता वेळ. मोबाइलचा कॅमेरा पूर्ण अंधारात हरतो. चित्रात दाणे उमटतात आणि भीतीऐवजी चिडचिड होते. म्हणून रात्रीचा हट्ट सोडून दिवेलागणीची वेळ धरावी. सूर्य बुडाल्यानंतर थोडा वेळ आकाश निळसर उजळ राहतं आणि जमीन काळी पडते. तेव्हा धुऱ्यावरच्या माणसाची नुसती आकृती मिळते, चेहरा मिळत नाही. हा अवधी रोज जेमतेम एखाद्या-दुसऱ्या शॉटपुरताच मिळतो, म्हणून तालीम दुपारी उरकून घ्यावी. दुसरी वेळ डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेच्या धुक्याची. तोवर कापणी झालेली असते आणि बांधीत धसकटं उरतात. हिरवं धान हवं असेल तर रोवणीनंतरचा काळ गाठावा लागतो. ऋतू आधी ठरला की पटकथेतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मग गोष्ट कोणाची? इथे इथलं रोजचं जगणंच विषय पुरवतं. कृषिपंपाला वीज रात्रीची आली की शेतकऱ्याला मोटार सुरू करायला अपरात्री शेतात जावं लागतं. वाटेत साप, रानडुक्कर, जंगलालगत वाघ. उन्हाळी धानाच्या हंगामात बाप आजारी असेल तर कॉलेजात जाणारा मुलगा जातो. हातात बॅटरी, पायात चप्पल. या मुलाला घरापासून मोटारीपर्यंत चालत नेलं तरी एक उत्तम भयपट होतो. त्यात भूत घालायचंच असेल तर एकच नियम द्यावा आणि तो शेवटपर्यंत पाळावा. ‘तुंबाड’मधला शापित देव हस्तर अनेकांना लक्षात राहतो तो त्याच्या नियमामुळे: त्याला सोनं मिळालं, अन्न मिळालं नाही, म्हणून तो पिठाच्या बाहुलीवर तुटून पडतो. प्रेक्षकाला नियम कळला की पुढचं तो स्वतः ओळखू लागतो, आणि ओळखलेलं खरं ठरेल या धास्तीने बसून राहतो. आपल्या मुलासाठी नियम असा असू शकेल: मोटारीचा आवाज चालू आहे तोवर तो सुरक्षित आहे. बस्स. वीज कधी जाईल, हे भंडाऱ्यातल्या प्रेक्षकाला समजावून सांगायची गरज नाही.

हा नियम आवाजाचा आहे, आणि कमी पैशांच्या फिल्मला आवाजाएवढा आधार दुसरा कशाचाच नाही. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी चेटकीण एकदाही दाखवली नाही, कॅमेरा कलाकारांच्याच हातात दिला आणि तंबूबाहेरच्या आवाजांवर काम भागवलं. आपल्याकडे पिंगळा आहे, टिटवी आहे, बेडकांचा गजर आहे, पंपाची घरघर आहे. हे सारं चित्रीकरणाच्या आधी, वेगळं, शांतपणे ध्वनिमुद्रित करून ठेवावं. बेडूक एकदम गप्प झाले की काय होतं, हे शेतात रात्र काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इंटरनेटवरून उतरवलेली गडगडाटी धून लावली की ही सगळी श्रीमंती तिच्याखाली दबून जाते.

संवाद इथल्या झाडीबोलीत असावेत. कापणीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात आणि माणसं थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात, ती उगाच नाही. त्या रंगभूमीवरचे नट इथेच राहतात, त्यांना विचारावं. फक्त त्यांना आवाज खाली आणायला सांगावं लागेल, कारण मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायची त्यांची सवय असते आणि माइक तर हातभर अंतरावर असतो. अंधारात घाबरलेला मुलगा “कोण आहे तिकडे?” असं पुस्तकी विचारणार नाही, “कोन आहे गा?” असंच म्हणेल.

काही दारं मात्र बंद ठेवावीत, आणि याबाबत तडजोड नको.

एकट्या म्हाताऱ्या बाईला चेटकीण करू नये. पूर्व विदर्भात जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. ज्या गल्लीत अशी कुजबुज आजही चालते, तिथे दहा मिनिटांची फिल्म त्या कुजबुजीला चेहरा देऊ शकते. त्याउलट संशयाने पेटलेला जमावच फिल्ममधलं भय झाला, तर ती धाडसाची निवड ठरेल.

इस्पितळातलं भूतही नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळं गेली. त्या बाळांची घरं इथेच आसपास आहेत.

गोसीखुर्दचा प्रश्न जास्त अवघड आहे. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झालं आणि बुडित क्षेत्रातली गावंच्या गावं उठली. सोडून दिलेली घरं पाहिली की कॅमेरा आपोआप तिकडे वळतो. वळावा. पण त्या घरात आधी कोण राहत होतं ते शोधून, पुनर्वसनाच्या गावी जाऊन, त्यांच्यापाशी बसून, ते काय सांगतात ते ऐकून. कदाचित ते म्हणतील, आमच्या घरात भूत दाखवू नका. मग दाखवू नये. कदाचित ते अशी एखादी आठवण सांगतील की मुलांना आपली पटकथा बाजूला ठेवून नवी लिहावी लागेल.

फिल्म तयार झाली की मुलं ती आधी स्पर्धांना धाडतात आणि यूट्यूबवर टाकतात. त्याआधी ती जिथे चित्रित झाली त्या गावात, ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर पडदा बांधून दाखवावी. ज्याच्या बांधीत पाय रोवून शॉट घेतला त्या शेतकऱ्याला पुढे बसवावं. फिल्म चालू असताना मुलांनी पडद्याकडे पाहू नये, गावाकडे पाहावं: कुठे कुजबुज थांबली, कुठे पोरं आईला बिलगली, कुठे कोणी उठून गेलं. ते टिपून घ्यावं आणि मगच फिल्मची शेवटची कापणी करावी.