मुळासकट

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण माणसांनी माणसांसाठी केली. मला ती लागू नाही. मी मुळंच खाते. रस तुमचा, साखर तुमची, मळी तुमची आणि कारखान्याची निवडणूकही तुमचीच.

मी हुमणी. मुक्काम कडेगाव तालुका, जिल्हा सांगली. मे संपत आलाय आणि मी जमिनीखाली वळवाची वाट बघत बसलेय. विळ्यासारखं वाकडं, पांढरं अळीपण मागे पडलं, कोष झाला, आता तपकिरी पंख आहेत. साऱ्या आयुष्याचा हिशेब वर्षभरात मिटतो. तुमचा आडसाली ऊससुद्धा माझ्याहून जास्त जगतो.

आमच्या आज्या-पणज्यांनी या माळावर शाळू-भुईमुगावर दिवस काढले. मग टेंभूचं पाणी आलं. कराडजवळ कृष्णा पंपांनी उचलायची आणि टप्प्याटप्प्यानं दुष्काळी रानांत चढवायची. पाणी साताऱ्याचं, माती सांगलीची, जेवणावळ आमची! आधी लागण, मग खोडवा, जमलं तर निडवा. वर्षानुवर्षं तेच पीक त्याच सरीत, त्यामुळं आम्हाला बिऱ्हाड हलवायची गरजच उरली नाही. एवढं अगत्य करून वर आम्हाला शत्रूकीड म्हणायचं, हे मात्र तुम्हालाच जमतं.

जमिनीखालून माणसाचं तोंड दिसत नाही. पाय कळतात, फाळ कळतो. मी आहे तो बांध दोघा भावांचा. नांगरटीला थोरल्याचा फाळ बांधाच्या पोटात वीतभर शिरतो, पुढच्या साली धाकट्याचा. बैलगाडी जायची त्या बांधावरून आता शेळी अंग चोरून जाते. हद्दीचा दगड रात्रीतून सरकतो. एकदा तो माझ्याच डोक्यावर आला, म्हणून खात्रीनं सांगते. मग मोजणी येते, खुणा रोवल्या जातात, मोजणीवाल्यांची पाठ वळली की खुणांनाही पाय फुटतात. दोघांचा वकिलावर झालेला खर्च बघितला तर त्या वीतभर मातीत सोनं पिकायला हवं. पिकतो ऊसच. त्याच्या मुळांना गट नंबर ठाऊक नाही. ती खुशाल पलीकडच्या रानात शिरतात आणि मी दोन्हीकडचं सारखंच खाते. त्या खटल्यात निःपक्षपाती अशी मी एकटीच.

कृषी खात्याची माणसं आमच्यावरचा उपाय पुनःपुन्हा सांगतात. वळवाचा पाऊस झाला की दिवेलागणीला भुंगेरे वर येतात, कडुलिंबा-बाभळीचा पाला खातात, तिथंच जोड्या जमवतात. तेव्हा फांद्या हलवा, पडतील ते वेचा, रॉकेलच्या पाण्यात बुडवा. प्रकाश सापळे लावा. शेणखतातून मेटारायझियम नावाची बुरशी द्या. उपाय चोख आहे, शत्रू असून कबूल करते. फक्त सगळ्या गावानं एकाच वेळी करायला हवा, नाहीतर या रानातले मेले तरी त्या रानातले येतात. ही शेवटची अट कानावर पडली की मी निर्धास्त कूस बदलते.

खाली नदीकाठाला, वाळवा-मिरजेकडं, वेगळीच कथा. पाणी आहे म्हणून पाजत राहिले, खत आहे म्हणून ओतत राहिले, निचऱ्याचं कुणी बघितलं नाही. कितीतरी रानं क्षारपड झाली. पांढरी फटक जमीन, ऊस नाही, म्हणजे मूळही नाही. आम्ही पीक मारतो. जमीन मारायचं कसब आमच्या घराण्यात अजून कुणाला साधलेलं नाही.

असो. बाहेर गडगडतंय. आमचा कडुलिंब ऐन बांधावर आहे आणि तो कुणाचा, हे कोर्टात अजून ठरायचंय. थोरला फांदी हलवायला गेला की धाकटा कुऱ्हाड घेऊन धावतो. धाकट्यानं मागे बादली आणून ठेवली, तर थोरल्यानं ती अतिक्रमण म्हणून लाथाडली. तालुक्यात याच्याइतकं सुरक्षित झाड नाही. आज रात्री तिथं जेवण, आणि जोडीदार भेटला तर लग्नही. साक्षीदार म्हणून दोन्ही भाऊ आपापल्या कडेला टॉर्च घेऊन उभे असतीलच.