कपाटाची किल्ली

आपल्या विद्यालयात मी इतिहास शिकवतो. त्यामुळे आर्डुइनो नावाच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाविषयी मी लिहावे, याचे अनेक माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु या लेखामागे एक कबुली आहे.

काही वर्षांपूर्वी एका हितचिंतकाने विद्यालयास दहा ‘आर्डुइनो उनो’ बोर्ड, ब्रेडबोर्ड, तारा आणि सेन्सर भेट दिले. विज्ञान शिक्षकाची जागा तेव्हा रिक्त होती आणि भांडाराची किल्ली माझ्याकडे होती. मुले मोडतील, या भीतीने मी ते साहित्य डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवून कपाटात ठेवले. दोन वर्षे ते तेथेच राहिले.

एका सायंकाळी वंदना आटोपल्यावर आठवीतील एका मुलीने विचारले, “सर, एहिपस्सिको म्हणजे या आणि पाहा ना? मग त्या कपाटात काय आहे?”

मी निरुत्तर झालो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला ज्ञानाची दारे कशी बंद होती, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. या कुलपाची किल्ली मात्र माझ्याच खिशात होती.

रविवारी कपाट उघडले. सवयीप्रमाणे मी प्रथम इतिहास वाचला होता. इटलीतील इव्रेया येथील एका संस्थेत २००५ साली, विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून हा बोर्ड आकाराला आला. त्याआधी तेथेच एर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी ‘वायरिंग’ ही प्रणाली घडवली होती. आर्डुइनो तिच्यावरच उभा आहे. बोर्डाचा आराखडा सर्वांना खुला आहे, हे मला विशेष भावले.

यूएसबी केबलने बोर्ड संगणकाला जोडला, तर संगणक त्याला ओळखेना. आमच्या बोर्डांवर सीएच३४० ही चिप असल्याने तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागला. मग सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचे नाव व पोर्ट निवडून ‘ब्लिंक’ हा तयार प्रोग्राम पाठवला. तेराव्या पिनशी जोडलेला बोर्डावरचा इवलासा दिवा एक सेकंद लागे, एक सेकंद विझे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आकडा बदलला की लुकलुकण्याचा वेग बदलतो, हे त्यांनी मला विचारल्यावाचून शोधून काढले.

पुढे मोडतोड झाली, पण ती माझ्या हातून. उत्साहाच्या भरात मी खेळण्यातील मोटार थेट नवव्या पिनला जोडली. पिनने वीस मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह द्यावा. मोटारीला त्याच्या कित्येक पट लागतो. ती पिन कायमची निकामी झाली. मी ओशाळलो. तीच मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, अजून तेरा पिना आहेत.”

उनोवर चौदा डिजिटल पिना असतात. तिचे गणित बरोबर होते आणि माझी भीती चूक होती.

त्यानंतर आम्ही बोर्डाचा पसारा रीतसर वाढवला. मोटारीला स्वतंत्र सेल दिले, मध्ये ट्रान्झिस्टर घातला, उलट्या दाबापासून रक्षणासाठी डायोड लावला. तरी मोटार हलेना. पुष्कळ शोधाशोध केल्यावर उमगले की बोर्डाचा आणि सेलचा ग्राउंड जोडायचा राहिला होता. वीज दोन ठिकाणांहून आली तरी चालते, ग्राउंड मात्र एक हवा.

आज वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली मुलांनी बसवलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे. तो ध्वनी सोडतो. पाण्यावरून प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळेवरून बोर्ड पातळी काढतो. टाकी भरत आली की बझर वाजतो. पंप मात्र मोठी माणसेच बंद करतात. २३० व्होल्टच्या विजेला मुलांनी हात लावायचा नाही, हा आमचा नियम आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्यांना, टाकी भरून वाहणे थांबले याचे मोल सांगावे लागणार नाही.

कपाटाची किल्ली आता वर्गातील खिळ्यावर असते. शेजारी एक वही आहे. काय मोडले आणि त्यातून काय कळले, हे मुले तिच्यात लिहितात. पहिली नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे : पिन क्रमांक ९.

जय भीम.