हाताचा गुण

आमच्या नांदेड-लातूरच्या पट्ट्यात वैद्यापेक्षा त्याच्या हाताची चौकशी आधी होते. कुठे शिकला, किती शिकला, हे मागाहून. ‘हाताला गुण आहे का?’ हा पहिला प्रश्न. हाडे, सांधे आणि स्नायू यांच्या दुखण्यात तर तो अक्षरशः लागू पडतो, कारण तिथे हात हेच औषध असते. या हातांच्या गर्दीत दोन वर्षांपूर्वी आईच्या कंबरदुखीच्या निमित्ताने आमच्या घरात ‘ऑस्टिओपॅथी’ हा नवा शब्द आला. ओळखीच्या एका गृहस्थांनी एका शिबिराची वार्ता आणली होती. तिथे म्हणे एका झटक्यात मणके जागेवर बसवतात. आई बहात्तर वर्षांची, हाडे ठिसूळ झालेली. त्यामुळे या शब्दाचे कूळ आणि शील तपासणे मला भागच होते.

आधी आमच्या घरचे कूळ सांगतो. माझी आजी पायाळू होती. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण निघते, हा समज वाचकांनी ऐकला असेलच. मुखेड तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर भल्या सकाळी माणसे पालथी पडलेली असत आणि आजी देवपूजेच्या आधी त्यांच्या कमरेला तीनदा हलकेच लाथ मारी. पैसा घेत नसे. बहुतेकांना चार-सहा दिवसांत बरे वाटे. आज मला ठाऊक आहे की साधी उसण बहुधा तेवढ्या दिवसांत आपली आपणच ओसरते आणि श्रेय मात्र आजीच्या पायाला मिळत असे. पण आजीचा एक दंडक होता, आणि त्याचे मोल मला फार उशिरा कळले. झाडावरून, बैलगाडीवरून पडलेल्या माणसाला ती पाय लावत नसे. ‘हे माझं काम न्हाई बाबा, हाडवैद्याकडं जा,’ असे म्हणून परत धाडी.

हाडवैद्याची परंपरा तर फारच जुनी. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. ओढणे, दाबणे, जागी बसवणे आणि बांधणे असा उपचारांचा क्रमही दिला आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने आमच्याकडे आणखी एक वाट होती, ती हैदराबादच्या पहिलवानांची. कुस्तीच्या आखाड्यात निखळलेले खांदे बसवता बसवता हाडे बसवणारी घराणीच तिथे तयार झाली. यांतल्या अनेकांचे बोट खरोखर जाणते असते. परंतु बांबूच्या कामट्यांवर पट्टी घट्ट आवळली गेली की रक्त अडते आणि हात कायमचा आखडतो, प्रसंगी कापावा लागतो, हेही तितकेच खरे.

गंमत अशी की ऑस्टिओपॅथीचा जन्मही अशाच मातीतला. अमेरिकेतील अँड्र्यू टेलर स्टिल हे डॉक्टर. १८६४ साली मेंदूज्वराने त्यांची तीन मुले दगावली आणि तत्कालीन औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. त्या काळची औषधे म्हणजे पारा आणि अफू, तेव्हा विश्वास उडाला यात नवल नाही. १८७४ साली त्यांनी आपला नवा विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिसूरीतील कर्क्सव्हिल येथे शाळा काढली. सांधे, स्नायू यांतील अडथळे हाताने दूर केले, रक्ताभिसरण मोकळे झाले, की शरीर स्वतःला बरे करते, हे त्यांचे सूत्र. पुढे १८९५ मध्ये आयोवातील डॅनियल डेव्हिड पामर यांनी कायरोप्रॅक्टिक काढले. त्यांनी सारा भार पाठीच्या कण्यावर आणि मज्जातंतूंवर टाकला, आणि छोटा, वेगवान झटका ही त्या पंथाची खूण ठरली. ऑस्टिओपॅथ त्या मानाने सावकाश चालतो. स्नायू चोळतो, ताणतो, सांधा लयीत हलवतो. झटका देतो, पण तेवढ्यावरच थांबत नाही. फिजिओथेरपीने हीच हस्तकला घेतली आणि तिला मोजमाप दिले. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी सांधा किती आणि कुठवर हलवायचा याच्या पायऱ्याच ठरवून दिल्या. पण फिजिओथेरपीचा मुख्य भर व्यायामावर, म्हणजे रोग्याच्या स्वतःच्या हातापायांवर.

तेव्हा टेबलावर पडलेल्या माणसाला या तिघांच्या हातांत वाटतो तेवढा भेद नसतो. ‘कट्’ असा आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी तो निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अखेरीस दीर्घकालीन कंबरदुखीबाबत मार्गदर्शन केले. त्यात व्यायाम, मालीश आणि कण्याचे हस्तोपचार यांना स्थान आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे यांना नाही. आमच्याकडे मात्र घरटी एक पट्टा खुंटीला टांगलेला असतो! कवटीला हलका स्पर्श करून अनेक रोग बरे करण्याची जी एक ऑस्टिओपॅथीची शाखा आहे, तिला मात्र भरवशाचा आधार सापडत नाही.

खरा भेद अधिकाराचा आहे. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचा पदवीधर हा पूर्ण डॉक्टर असतो, शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने त्याची नोंदणी होते. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्यात फिजिओथेरपीला जागा आहे. ऑस्टिओपॅथीसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नवख्या विद्यार्थ्यासाठी ४२०० तासांचे शिक्षण सुचवले आहे. इथे मात्र चार दिवसांचा वर्ग केलेला माणूसही तोच शब्द फलकावर लिहू शकतो.

हे मी पुस्तकी वृत्तीने म्हणत नाही. माझ्या चुलतभावाची पाठ धरली, तेव्हा तो चार महिने एका मालीशवाल्याकडे जात होता. संध्याकाळी अंगात कसर असे, वजन घटत होते, रात्री दुखणे वाढे. त्याला यातले काही कोणी विचारले नाही. रोज ‘मणका सरकला’ म्हणून दाबले. पायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात नेला. मणक्याचा क्षय निघाला. औषधांनी तो सावरला, आज शेत करतो. पण झटका एखादा अधिक बसता तर कदाचित चालला नसता.

म्हणून आईच्या बाबतीत मी एकच कसोटी लावली. हात लावण्याआधी कोण काय विचारतो? शिबिरातल्या गृहस्थांनी फोनवर फी सांगितली आणि रिकाम्या पोटी या, असे बजावले. लातूरच्या एका तरुण फिजिओथेरपिस्टने मात्र ‘आजी, पडला होतात का? ताप येतो का? लघवीवर ताबा आहे ना?’ अशी वीस मिनिटे उलटतपासणी घेतली, जुनी क्षकिरण चित्रे उजेडात धरून पाहिली आणि झटका द्यायचा नाही असे स्वच्छ सांगितले. मग पाठीला थोडा वेळ हात लावला आणि पाच व्यायाम शिकवले.

आई रोज सकाळी सतरंजीवर ते करते. दुखणे निम्म्यावर आले आहे, गेलेले नाही. शेजारणीने विचारले तर सांगते, ‘पोराच्या हाताला गुण हाय बाई, पर कष्ट सगळे मलाच कराया लावतंय.’